आधी ‘भूमिका’ की ‘मिर्च मसाला’?

सांगलीत आम्ही मैत्रिणी महिन्यातून एक सिनेमा एकत्र पाहतो. आता स्मिता पाटीलचा पाहायचा हे ठरलंय, पण कुठला?

‘मिर्च मसाला’ सोपा पडतो. गोष्ट सरळ आहे, सुभेदाराला नकार देणारी सोनबाई पहिल्यापासून ताठ. मिरचीच्या कारखान्यातल्या बाया पाहताना आमच्या मार्केट यार्डात हळद निवडणाऱ्या बाया आठवतात. १९८७ मध्ये तो आला तेव्हा स्मिता नव्हती. १३ डिसेंबर १९८६ ला, अवघ्या एकतिसाव्या वर्षी गेली. हे माहीत असलं की तिचा तो शेवटचा चेहरा बघवत नाही.

तरी माझं मत १९७७ च्या ‘भूमिका’ला. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावर श्याम बेनेगलांनी बेतलेला. यातली नायिका उषा ताठ नाही. ती चुकते, घर सोडते, परत येते, एका वाड्यात अडकते. विशीतल्या स्मिताने उमेदीच्या नटीपासून थकलेल्या बाईपर्यंतचा प्रवास डोळ्यांतून, चालण्यातून दाखवलाय. राष्ट्रीय पुरस्कारही त्यासाठी मिळाला. सोनबाईचं कौतुक वाटतं. उषाशी मात्र भांडावंसं वाटतं, तिला जवळही घ्यावंसं वाटतं. त्या रविवारी चहा दोनदा टाकावा लागणार.