नोटर डेम की जॉर्जटाउन? निवड करण्याआधी इतिहास आणि आवार पाहा

अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करणाऱ्या मुलांच्या यादीत ही दोन नावे पुष्कळदा लागोपाठ असतात. दोन्ही विद्यापीठे खासगी, दोन्ही कॅथलिक, दोन्हीकडे प्रवेश अवघड. क्रमवारीच्या तक्त्यांवरून काही ठरत नाही, मग कुणीतरी ओळखीच्याने घेतलेले नाव पुढे जाते. माझे म्हणणे असे की इथे इतिहास आधी वाचावा. मुलाचे चार वर्षांतले रोजचे जगणे कसे असेल, हे या दोन्ही ठिकाणी स्थापनेच्या काळातच बरेचसे ठरून गेले आहे.

जॉर्जटाउन 1789 सालचे, अमेरिकेतले सर्वांत जुने कॅथलिक विद्यापीठ. जॉन कॅरल यांनी ते पोटोमॅक नदीकाठच्या टेकडीवर काढले; पुढे तेच देशाचे पहिले कॅथलिक बिशप झाले. तेव्हा वॉशिंग्टन ही राजधानी अस्तित्वातच नव्हती. कॉलेज आधी उभे राहिले, राजधानी नंतर शेजारी आली. कॅरल यांनी इतर पंथांच्या मुलांनाही पहिल्यापासून प्रवेश खुला ठेवला. हे विद्यापीठ जेझुइटांचे, म्हणजे मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्यांनी 1869 मध्ये सुरू केले तोच संघ. झेवियर्सचे वातावरण ज्यांनी अनुभवले आहे त्यांना जॉर्जटाउन फार परके वाटणार नाही.

नोटर डेमची सुरुवात अगदी वेगळी. नोव्हेंबर 1842 मध्ये फादर एडवर्ड सोरिन हे अठ्ठावीस वर्षांचे फ्रेंच धर्मगुरू होली क्रॉस संघाच्या काही ब्रदरांना घेऊन इंडियानाच्या रानात पोहोचले. बिशपांनी 524 एकर जमीन देऊ केली होती. तिथे दोन तळी आहेत, पण बर्फाखाली ती एकच भासली आणि म्हणून ‘नोटर डेम द्यु लाक’ या पूर्ण फ्रेंच नावात ‘तळ्याची माउली’ असे एकवचन आले, अशी गोष्ट सांगतात. शहराचा आधार नव्हता. शेती, विटा, स्वयंपाक, शाळा, प्रार्थना, सगळे आवारातच करावे लागले. ती सवय आजही मोडलेली नाही.

1879 या एका वर्षात दोन्हीकडच्या मुख्य इमारतींचे बांधकाम चालू होते. त्या वर्षी 23 एप्रिलला नोटर डेमची मुख्य इमारत आगीत गेली. पासष्टीच्या सोरिन यांनी ती आणखी मोठी बांधायची ठरवली आणि सप्टेंबरमध्ये नव्या इमारतीत वर्ग भरलेसुद्धा. आज दिसतो तो सोन्याचा मुलामा दिलेला घुमट आणि त्यावरचा मरियामातेचा पुतळा याच इमारतीवर आहे. जॉर्जटाउनची हीली हॉल ही करड्या दगडाची, उंच मनोऱ्याची इमारत त्याच सुमारास उभी राहत होती. तिने विद्यापीठाला मोठ्या कर्जात लोटले, पण ती जाणूनबुजून शहराकडे तोंड करून बांधली. जुन्या इमारतींची तोंडे नदीकडे होती.

ही इमारत ज्यांच्या नावाची, ते फादर पॅट्रिक हीली 1874 ते 1882 या काळात विद्यापीठाचे अध्यक्ष होते. वडील आयरिश मळेवाले, आई गुलाम. जॉर्जियाच्या कायद्याने ते स्वतःही जन्माने गुलामच. आणि याच विद्यापीठाशी जोडलेल्या जेझुइटांनी 1838 मध्ये 272 गुलाम माणसे लुइझियानातल्या मळेवाल्यांना विकली. त्या पैशातला काही भाग कॉलेजचे कर्ज फेडायला गेला. बायका, तान्ही मुले, म्हातारी माणसे, सगळी त्यात होती. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर विद्यापीठाला या इतिहासाकडे नीट पाहावे लागले. 2017 मध्ये वंशजांसमोर जाहीर माफी मागितली गेली आणि विक्रीच्या यादीत ज्यांचे नाव पहिले होते त्या आयझॅक हॉकिन्स यांचे नाव एका इमारतीला दिले. त्याआधी ती इमारत विक्री घडवून आणणाऱ्या अध्यक्षांच्या नावाची होती. जातीच्या इतिहासाशी झगडणाऱ्या आपल्या समाजातून जाणाऱ्या मुलाने हे जरूर समजून घ्यावे. मला हे जॉर्जटाउनचे उणे वाटत नाही. तिथल्या शिक्षणाचा तो गंभीर भाग आहे.

आता आवार. नोटर डेमचे सुमारे 1,250 एकर, जॉर्जटाउनचे मुख्य आवार जेमतेम शंभराच्या वर. नोटर डेमला बॅसिलिका, फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्राच्या गुहेची 1896 साली बांधलेली प्रतिकृती, चौदा मजली हेसबर्ग ग्रंथालय आणि सत्तर हजारांहून जास्त प्रेक्षकांचे फुटबॉल मैदान, सगळे चालण्याच्या अंतरावर. पदवीच्या विद्यार्थ्याने पहिली तीन वर्षे आवारातच राहायचे. वसतिगृहे मुलांची वेगळी, मुलींची वेगळी, रात्री एकमेकांकडे जाण्याला वेळेची मर्यादा, प्रत्येक वसतिगृहात प्रार्थनामंदिर आणि तिथे मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना. पालकांना हे ऐकून हायसे वाटते, पण राहायचे मुलांना आहे, तेव्हा त्यांना विचारा. शिवाय मिशिगन सरोवरामुळे साउथ बेंडला, म्हणजे नोटर डेमलगतच्या शहराला, बर्फ भरपूर पडते. शिकागो रेल्वेने गाठता येते, तरी रोजचे जग आवारापुरतेच राहते. मैत्री मात्र तिथे घट्ट होते, कारण चारही वर्षांची मुले एकाच वसतिगृहात एकत्र राहतात.

जॉर्जटाउनला दाटी आहे, चढउतार आहेत, मेट्रोचे स्थानक जवळ नाही. पण बसने थोडे गेले की संसद, दूतावास, आंतरराष्ट्रीय संस्था. आठवड्यातले दोन दिवस एखाद्या कार्यालयात काम आणि उरलेले दिवस वर्ग, असे सत्राच्या मध्यातही जमते. साउथ बेंडला ते बहुतेक उन्हाळ्यावर ढकलावे लागते.

धर्माचा प्रश्न मराठी घरांत हमखास निघतो. दोन्हीकडे धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान अभ्यासक्रमात सक्तीचे आहेत. धर्मांतराचा त्यात संबंध नाही, विचार करायला शिकवणारे ते विषय आहेत. फरक वातावरणात आहे. जॉर्जटाउनने 1999 पासून पूर्णवेळ इमाम नेमले, 2016 मध्ये हिंदू धर्मगुरू नेमले, आणि हिंदू विद्यार्थ्यांसाठी आवारात ‘धर्मालय’ आहे. नोटर डेममध्ये कॅथलिक विद्यार्थ्यांचे मोठे बहुमत आहे आणि ते दिवसभर जाणवते. वसईतल्या एखाद्या कॅथलिक मुलीला तिथे घरच्यासारखे वाटू शकेल.

विषयांचे उत्तर सरळ आहे. जॉर्जटाउनला अभियांत्रिकीचे महाविद्यालयच नाही, त्यामुळे इंजिनिअर व्हायचे असेल तर हा प्रश्न इथेच मिटला. वास्तुकलेसाठीही नोटर डेमच. तिथे पारंपरिक वास्तुशैली शिकवतात आणि विद्यार्थ्यांना रोमला पाठवतात. परराष्ट्र व्यवहार, राजकारण, मुत्सद्देगिरी हवी असेल तर 1919 मध्ये सुरू झालेले जॉर्जटाउनचे स्कूल ऑफ फॉरेन सर्व्हिस घ्यावे. बिल क्लिंटन तिथलेच.

अर्थशास्त्र, व्यवस्थापन किंवा जीवशास्त्र घेणाऱ्याला दोन्ही दारे सारखीच उघडी, तिथे मग खर्च मोजावा. नोटर डेमने सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केले की प्रवेश देताना विद्यार्थ्याची आर्थिक ऐपत पाहणार नाही आणि मदतीच्या रकमेत कर्ज धरणार नाही, परदेशी विद्यार्थ्यांनाही हेच लागू. मध्यमवर्गीय मराठी घरासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मूल लाजरे असेल, घरापासून पहिल्यांदाच दूर जात असेल, तर मी नोटर डेम म्हणेन. वर्तमानपत्र उघडून आधी जगाच्या बातम्या वाचणाऱ्या मुलाला मात्र साउथ बेंडला पाठवू नका, मदत थोडी कमी मिळाली तरी जॉर्जटाउनच बघा.