एअर सस्पेन्शनची गाडी खाली बसवताना : लिंक रॉड, कॅलिब्रेशन की मॉड्यूल?

मर्सिडीजची एस क्लास, ऑडी क्यू७ किंवा रेंज रोव्हर यांसारख्या गाड्यांमध्ये लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असतात, आणि त्यामुळे गाडीची उंची बदलण्यासाठी एकही मोठा भाग सुटा करावा लागत नाही. अशी गाडी दोन-तीन सेंटिमीटर खाली बसवायची असेल, तर बाजारात तीन मार्ग आहेत : उंची मोजणाऱ्या सेन्सरचे लिंक रॉड बदलणे, गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून त्यातील उंचीचा आकडाच बदलणे (कॅलिब्रेशन), किंवा सेन्सर आणि संगणक यांच्यामध्ये सिग्नल बदलणारे लोअरिंग मॉड्यूल बसवणे. ठाणे आणि नवी मुंबईत राहणाऱ्याने निवड करताना माझ्या मते एकच निकष सर्वांत वर ठेवावा. गाडी खाली किती जाते ते नंतर पाहावे. गरज पडल्यावर ती मूळ उंचीवर किती सहज परत येते, ते आधी पाहावे.

तिन्ही मार्गांचे मूळ एकच आहे. चाकाजवळच्या आर्मला एक छोटा रॉड जोडलेला असतो, तो सेन्सरची दांडी फिरवतो आणि सेन्सर त्या कोनानुसार संगणकाला सिग्नल पाठवतो. गाडी ठरलेल्या उंचीपेक्षा वर आहे असे सिग्नलवरून दिसले, की संगणक फुग्यांतील हवा सोडतो. खाली आहे असे दिसले, की काँप्रेसर किंवा साठ्याच्या टाकीतून हवा भरतो. म्हणजे संगणकाला खोटी उंची दाखवली किंवा खरी उंची नव्याने ठरवून दिली, की गाडी आपोआप खाली बसते.

लिंक रॉड हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. कमी-जास्त करता येणारे रॉड मूळ रॉडच्या जागी बसतात, वायरिंगला हात लागत नाही आणि अनुभवी मेकॅनिक हे काम अर्ध्या दिवसाच्या आत करतो. अडचण अशी, की संगणकाला या बदलाची काहीच कल्पना नसते. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली असेल, तर डॅशबोर्डवरचे उंची वाढवण्याचे बटण दाबल्यावर मिळणारी उंचीही ३० मिलिमीटरने कमीच राहते, आणि जास्त वेगात स्वतःहून खाली बसणारी गाडी त्या आधीच कमी झालेल्या उंचीवरून आणखी खाली जाते. शिवाय रॉडचे जॉइंट चाकामागे, चिखलाच्या थेट माऱ्यात असतात. पावसाळ्यात एक जॉइंट जाम झाला, तरी गाडी एका कोपऱ्यावर कलती दिसू लागते.

कॅलिब्रेशनमध्ये बाहेरचा कोणताही भाग बसत नाही, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये उंची जुळवण्यासाठी जी प्रक्रिया वापरतात, तीच वापरून वेगळा आकडा भरला जातो. परंतु परत मूळ उंचीवर यायचे म्हणजे पुन्हा स्कॅनर आणि पुन्हा गॅरेजची फेरी. पुढे कधी अधिकृत सर्व्हिसमध्ये उंची नव्याने जुळवली गेली, तर केलेले काम पुसले जाते. एकदा ठरवलेली उंची कायम ठेवायची असेल आणि घट १०-१५ मिलिमीटरची असेल, तर हा मार्ग स्वच्छ आहे.

मॉड्यूलचे काम यापुढे जाते, कारण त्यात सिग्नलमधला बदल हवा तेव्हा चालू आणि हवा तेव्हा बंद करता येतो. मोबाईलवरून किंवा बटणाने तो बंद केला, की सेन्सरचा खरा सिग्नल संगणकापर्यंत पोहोचतो आणि गाडी कंपनीने दिलेल्या पूर्ण उंचीवर येते. उंची वाढवण्याचे मूळ बटणही पूर्ण क्षमतेने काम करते. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी हा फरक निर्णायक आहे, आणि तो थोड्या हिशेबाने दाखवता येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि वक्राची त्रिज्या १७ मीटर असते. पुढच्या-मागच्या चाकांत ३ मीटर अंतर असलेली गाडी त्याच्या मध्यावर आली, की चारही चाके उतारावर असतात आणि गाडीच्या पोटाखालची सुमारे ६६ मिलिमीटर जागा गतिरोधक व्यापतो. मूळ ग्राउंड क्लिअरन्स १२० मिलिमीटर असेल, तर ५४ उरतात. गाडी ३० ने खाली असेल, तर फक्त २४. त्यात मागे तीन माणसे आणि डिकीत सामान असले आणि गाडी थोडी दबली, की उरलेली जागाही संपते. हा हिशेब नियमाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकाचा आहे. सोसायटीच्या फाटकाशी असलेल्या अरुंद, उभ्या गतिरोधकावर पुढची-मागची चाके दोन्ही बाजूंना सपाट जमिनीवर असतात आणि त्याची सगळी उंची पोटाखाली येते. तो १० सेंटिमीटरचा असेल, तर खाली बसवलेल्या गाडीच्या ९० मिलिमीटरमधून तो जाणारच नाही, गाडी खाली लागणारच.

घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंच्या संकुलांत राहणाऱ्यांना पोडियम पार्किंगचा चढ रोज चढावा लागतो. चढ संपून सपाट जागा सुरू होते, त्या कडेवर लांब गाडीचा मधला भाग सर्वांत आधी टेकतो. पाम बीच रोडवर मात्र हीच गाडी निर्धास्त खाली ठेवता येते. एकाच दिवसात या दोन्ही ठिकाणी जाणाऱ्याला कायमची कमी उंची परवडत नाही, आणि म्हणूनच माझा कौल मॉड्यूलला आहे.

या सोयीची किंमतही समजून घ्यावी. गाडी वारंवार वर-खाली केली, की काँप्रेसर जास्त चालतो. आपल्या दमट हवेत काँप्रेसरसोबतच्या, हवेतला ओलावा टिपणाऱ्या ड्रायरवरही भार येतो, आणि ओलावा झडपांपर्यंत गेला की दुरुस्तीचा खर्च मॉड्यूलच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त होतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी मूळ उंचीवरच ठेवावी. पाणी साचलेल्या रस्त्यावर खाली बसलेल्या गाडीत इंजिनात हवा घेणारे तोंडही तितकेच पाण्याच्या जवळ आलेले असते, हे वेगळे सांगायला नको.

विकत घेताना तीन प्रश्न विचारावेत. मॉड्यूल आपल्या गाडीच्या नेमक्या मॉडेलचे आणि सेन्सरचे आहे का? मूळ वायर न कापता, केवळ कपलर जोडून ते बसते का? आणि मॉड्यूल बंद पडल्यास मूळ सिग्नल तसाच पुढे जातो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ठाम ‘हो’ नसेल, तर ते घेऊ नये. वायर कापून टाके मारलेले जोड खाडीलगतच्या खाऱ्या हवेत लवकर हिरवे पडतात, आणि मग सस्पेन्शनचा दिवा का लागतो हे शोधण्यातच गॅरेजचा वेळ आणि आपले पैसे जातात.

कायद्याची बाजू टाळू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कठोरपणे वाचले आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी आपल्या आरटीओत, म्हणजे एमएच-०४ ची गाडी असल्यास ठाण्यात आणि एमएच-४३ ची असल्यास नवी मुंबईत, लेखी विचारणा करावी, तसेच विमा कंपनीलाही लेखी कळवावे. गाडी वॉरंटीत असेल, तर ती संपेपर्यंत थांबणे शहाणपणाचे.

लोखंडी स्प्रिंगच्या गाडीला या तीन मार्गांपैकी एकही लागू होत नाही. तिथे छोटी स्प्रिंग घालावी लागते, शॉकअपचा प्रवास कमी होतो आणि उंची परत मिळवायची तर सगळे पुन्हा उघडावे लागते. या शहरांत रोज चालणाऱ्या गाडीसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही.

मॉड्यूल बसवायचे ठरले, तर तुर्भे किंवा वागळे इस्टेटमध्ये एअर सस्पेन्शनचे काम नियमित करणारे गॅरेज निवडावे. सपाट फरशीवर, टायरमध्ये योग्य हवा असताना, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून चारही आकडे काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्यावेत. जॅक लावण्याआधी गाडीचा जॅक मोड, म्हणजे उंची आपोआप जुळवणे थांबवणारी सोय, सुरू झाल्याची खात्री करावी, आणि सस्पेन्शन चालू असताना चाक व मडगार्ड यांच्यामध्ये कोणीही हात घालू नये, कारण गाडी क्षणात खाली बसू शकते. पुढची आणि मागची घट सारखीच ठेवावी. फरक पडला की हेडलाइटचा झोत वर किंवा खाली सरकतो, आणि सेन्सरचा सिग्नलच बदललेला असल्याने गाडी तो स्वतः सुधारत नाही. शेवटी, ज्या उंचीवर गाडी सर्वाधिक चालणार आहे त्याच उंचीवर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. खाली बसलेल्या गाडीची चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायरची आतली कड आधी झिजते. ती झीज उभे राहून दिसत नाही, म्हणून दर सर्व्हिसला गाडी लिफ्टवर असताना तिथे हात फिरवून पाहावा.