आय७ सांगितला, आय७ दिला

आमच्या तालुक्याच्या गावात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात फिरते आहे. आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २२ इंची मॉनिटर, सगळं नवीन, एक वर्षाची वॉरंटी, फक्त २४,५०० रुपये. नवा कॉम्प्युटर घ्यायचा असेल तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. गेल्या वर्षी मी याच जातीचा एक घेतला. दुकानाचं नाव लिहीत नाही. असली दुकानं गावोगाव आहेत.

माझं डीटीपीचं काम. लग्नपत्रिका, फ्लेक्स, ग्रामपंचायतीचे अहवाल. कोरल आणि फोटोशॉप दिवसभर उघडं असतं, आणि वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर जुनं मशीन मान टाकायचं. दुकानात गेल्यावर मी पहिलाच प्रश्न टाकला, “जनरेशन कितवी?”

“भाऊ, लेटेस्ट. विंडोज ११ टाकून देतोय, बघा ना. जुन्यावर ११ चढतं का?”

शेजारीच बाराव्या जनरेशनचं आय३ मशीन होतं, चार हजारांनी महाग. त्याकडे बोट दाखवलं तर म्हणाला, “ते ३.३ गिगाहर्ट्‌झ, हे ३.४. ते तीन, हे सात. तुम्हीच ठरवा.” पावतीवर लिहिलं, ‘कोअर आय७ पीसी, १ नग’. कॅबिनेटच्या स्क्रूवर स्टिकर लावला: उघडलंत तर वॉरंटी गेली.

घरी आणल्यावर कोरल जरा बरं चाललं, पण ते एसएसडीमुळे. फाइल उघडायला वेळ लागत नव्हता, एक्स्पोर्टला मात्र पूर्वीइतकाच. मग विंडोजचं वर्षाचं मोठं अपडेट येईना. पुण्याला शिकणारा भाचा सुट्टीत आला होता. त्याने टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सवर टिचकी मारली आणि म्हणाला, “मामा, हा आय७-२६०० आहे. २०११ चा.”

इंटेलच्या या नावांत आय३, आय५, आय७ हा फक्त त्या-त्या पिढीतला दर्जा. पिढी कळते ती पुढच्या आकड्यातले शेवटचे तीन अंक सोडून जे उरतं त्यावरून. २६०० म्हणजे दुसरी, ८७०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी. दुसऱ्या पिढीतला सात आणि बाराव्या पिढीतला तीन यांची तुलना गिगाहर्ट्‌झवर, म्हणजे नुसत्या ठोक्यांच्या वेगावर, करणं हीच खरी लबाडी. दोघांनाही कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) चार, थ्रेड (एका वेळी हाताळायची कामं) आठ. पण १२१०० चा प्रत्येक कोअर जवळपास दुप्पट काम उरकतो, शिवाय गरज पडली की ४.३ गिगाहर्ट्‌झपर्यंत चढतो. २६०० ची धाव ३.८ ला संपते. इंटेलच्या कागदावर जुना ९५ वॅटचा, नवा ६० चा.

आणि विंडोज ११? मायक्रोसॉफ्टला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ही तपासणी वगळणारा पेनड्राइव्ह बनवायला अर्धा तास पुरतो. मग ११ अशा जुन्या मशीनवरही चढतं, पण पुढच्या अपडेटची खात्री कुणी देत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून ऑफिसांतून जुनी मशीनं भंगारात निघताहेत. त्यांतले प्रोसेसर काढायचे, त्याच जुन्या पिढीला चालणाऱ्या एच६१ चिपसेटच्या मदरबोर्डावर बसवायचे, रंगीत दिवे लागणारं काचेचं कॅबिनेट, झाला नवा आय७. गंमत म्हणजे एच६१ चे बोर्ड आजही नवेकोरे बनून येतात, म्हणून ‘सगळं नवीन’ हे तीन चतुर्थांश खरं असतं. जुनी फक्त डोक्यातली चिप, आणि दुय्यम बाजारात ती दोन-तीन हजारांच्या आत मिळते.

जुना प्रोसेसर वाईट नसतो, हेही सांगतो. प्रोसेसर सहसा बिघडत नाही. शाळेतल्या पोराला टायपिंग शिकायला बारा हजारांत कुणी २६०० चं मशीन ‘जुनं’ म्हणून दिलं, तर मी स्वतः घेईन. राग आहे तो चोवीस हजारांचा आणि ‘लेटेस्ट’ या शब्दाचा.

दुकानात गेलो तर उत्तर तयार होतं. “आय७ सांगितला, आय७ दिला. पावती बघा.” मी ग्राहक आयोगाचं नाव काढलं तर म्हणाला, तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्हाला तो कायदा नाही. हे अर्धवट ज्ञान लोकांना गप्प करायला बरं पडतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची खरेदी वगळली आहे खरी, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं हा त्याच कायद्यात अनुचित व्यापार आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, वकील लागत नाही, मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली. तिथे समजुतीने मार्ग काढायचा प्रयत्न होतो, निकाल मिळत नाही. खरा उपयोग झाला तो टास्क मॅनेजरचा फोटो, व्हॉट्सअ‍ॅपची जाहिरात आणि ‘लेटेस्ट आहे’ असा त्याचा मेसेज जोडून रजिस्टर पोस्टाने पाठवलेल्या पत्राचा. बोर्ड, रॅम, प्रोसेसर त्याने परत घेतले आणि पैसे तुकड्यातुकड्याने दिले. शेवटचा तुकडा अजून यायचा आहे.

त्या पैशांत भर घालून मी आय३-१२१०० घेतला, खोकाबंद. खोक्यावर पूर्ण नंबर, आत पंखा, इंटेलची तीन वर्षांची वॉरंटी. दुकानदाराने पावतीवर नंबर न कुरकुरता लिहिला.

भाचा आता लॅपटॉप बघतोय. तिकडे तर कंपनीनेच घोळ घालून ठेवला आहे: इंटेलची स्पर्धक एएमडी हिचा रायझन ५ ७५२०यू नावाने २०२३ चा, पण त्यातला तिसरा आकडा २, म्हणजे आतला गाभा २०१९ ला आलेल्या झेन २ या रचनेचा. ७५४०यू मध्ये तीच जागा ४ ची, गाभा झेन ४. दुकानात दोन्हींवर ‘रायझन ५’ एवढंच चिकटवलेलं असतं.