खेळाची बालवाडी की गृहपाठाची नर्सरी?

साडेतीन वर्षांच्या लेकीला कुठे घालावे, असे भाचीने विचारले, तेव्हा माहितीपत्रके बाजूला ठेवून मी दोन्ही ठिकाणी तासभर बसून आले.

बालवाडीत मुले चिंचोके वेचून वाटीत टाकत होती, माती मळत होती. पेन्सिल धरायला लागणारी बोटांची ताकद अशा कामातूनच येते. नर्सरीत मात्र एक मुलगा पेन्सिल मुठीत आवळून चाररेघी वहीत अक्षर गिरवत होता आणि मध्येच खिडकीबाहेर पाहत होता. भाषेच्या निकषावरही, घरच्या बोलीत गाणी-गोष्टी चालणारी बालवाडीच मला सरस वाटली. बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी गावात हीच वाट रुळवली, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानून खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. खर्चाची तर तुलनाच नको, बालवाडी कितीतरी स्वस्त.

नर्सरीची खरी जमेची बाजू अभ्यास नव्हे, तर तिला जोडलेले पाळणाघर. बालवाडी अडीच तासांत सुटते. त्यामुळे दुपारी घरी आजी-आजोबा असतील तर बालवाडी घ्यावी. आई-वडील दोघेही नोकरीला जात असतील तर नर्सरी चालेल, पण गृहपाठ नको असे बाईंना आधीच सांगावे.