कानकूनची निळी नोट आणि फुकटचा नाश्ता

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, म्हणजे किंताना रो राज्यातील कानकून, इस्ला मुहेरेस आणि प्लाया देल कार्मेन या भागात मी एकटीने सुट्टी घालवली आणि ती अतिशय मजेत गेली, हे आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढील मजकूर वाचून कुणी तिकडे जाण्याचा बेत रद्द करावा असा माझा हेतू नाही. माझा खिसा कुणी कापला नाही, कुणी दरडावले नाही, अंधाऱ्या गल्लीत कुणी अडवले नाही. जे पैसे गेले ते लख्ख उन्हात, कमालीच्या अदबीने आणि बहुतेक वेळा माझ्याच हाताने दिले गेले. त्या सगळ्या प्रकारांत मला एक समान धागा दिसला. तिथला ठकसेन खोटी वस्तू खपवत बसत नाही, तर तुम्हाला हव्या असलेल्या खऱ्या वस्तूसारखीच दिसणारी दुसरी खरी वस्तू तो पुढे करतो आणि उरलेले काम तुमच्या सुट्टीच्या धुंदीवर सोपवतो.

भारतीय पारपत्रावर अमेरिकेचा वैध व्हिसा असेल तर मेक्सिकोत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही, त्यामुळे अमेरिकेत नोकरी करणारी मराठी मंडळी थंडीच्या दिवसांत कानकूनला सर्रास जातात. मीही तशीच ह्यूस्टनहून गेले. फसवणुकीचा पहिला प्रयत्न विमानात बसण्याच्याही आधी, घरच्या संगणकावर होतो. किंताना रो राज्य २०२१ पासून परदेशी पर्यटकांकडून ‘विसिटॅक्स’ नावाचा एक लहानसा कर घेते आणि तो राज्य सरकारच्या संकेतस्थळावर भरायचा असतो. परंतु नाव टाकून शोधले की सरकारी थाटाची खासगी संकेतस्थळे आधी समोर येतात आणि ‘सेवाशुल्क’ या गोंडस नावाखाली त्याच कराची कितीतरी पट रक्कम उकळतात. कार्डाचा क्रमांक लिहिण्यापूर्वी पत्ता सरकारी आहे की नाही एवढे पाहिले तरी हे टळते.

विमानतळावरचा प्रकार अधिक देखणा आहे. सामानाची तपासणी आटोपून बाहेरच्या दाराकडे जाताना एक लांबरुंद दालन लागते, ज्याच्या दोन्ही बाजूंना टेबले मांडलेली असतात आणि टेबलांमागे स्वच्छ शर्ट घातलेली, गळ्यात ओळखपत्रे लटकवलेली, हातात याद्या घेतलेली माणसे उभी असतात. कोणत्याही नवख्या प्रवाशाला ती विमानतळाची किंवा वाहतूक खात्याची माणसे वाटावीत अशीच ती मांडणी आहे. तुमचे हॉटेल कोणते, गाडी ठरली आहे का, बरोबर कोण आहे, असे प्रश्न ते अधिकाऱ्याच्या सुरात विचारतात. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक जण ‘टाइमशेअर’, म्हणजे हॉटेलातली खोली दरवर्षी ठरावीक काळ वापरण्याचा हक्क, विकणाऱ्या हॉटेलांचे गळ टाकणारे लोक असतात. मला त्यांच्यापैकी एकाने शहरात जाणारी बस आज बंद असल्याचे सांगितले. दार ओलांडून बाहेर आल्यावर एडीओ कंपनीची बस तिथे शांतपणे प्रवासी भरत उभी होती.

तथापि त्याच्याकडून एक कागद मी घेऊनच बाहेर पडले होते. नव्वद मिनिटांचा फुकट नाश्ता, एका नव्या हॉटेलचे दर्शन आणि त्या बदल्यात इस्ला मुहेरेसची बोटीची सहल निम्म्या दरात, असा तो कागद होता. वीस डॉलर अनामत, नाश्त्याच्या दिवशी परत. फुकट ते पौष्टिक, हा संस्कार सातासमुद्रापलीकडेही सुटत नाही. त्या नाश्त्याकडे पुढे येतेच.

कानकूनचा हॉटेलांचा पट्टा ही वीस-बावीस किलोमीटर लांबीची, इंग्रजी सातच्या आकड्यासारखी वळलेली वाळूची पट्टी आहे. एका बाजूला निचुप्ते खाजण आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. १९७० च्या सुमारास मेक्सिको सरकारने ठरवून, आखून ही पर्यटननगरी वसवायला घेतली. त्याआधी तिथे मूठभर वस्ती होती. पांढरी वाळू चुनखडीची असल्यामुळे भर दुपारीही पायाला पोळत नाही, हे सुख मी गणपतीपुळ्यालाही अनुभवलेले नाही. आणि एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवावी: मेक्सिकोतील किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. वाळूवर टॉवेल पसरून बसलेल्या माणसाकडून कुणी ‘प्रवेशशुल्क’ मागू लागला तर खुर्चीचे आणि छत्रीचे भाडे तेवढे त्याच्या हक्काचे असू शकते, वाळूचे नाही. माझ्याकडे मागितले गेले, मी हसून नकार दिला, तोही हसला आणि पुढच्या टॉवेलकडे गेला. इतक्या खेळीमेळीने नाकारता येणारी मागणी मी आयुष्यात प्रथमच पाहिली.

निळ्या नोटेचे प्रकरण मात्र खेळीमेळीचे असूनही महागात पडले. कानकूनच्या टॅक्सींना मीटर नसतो, त्यामुळे बसण्यापूर्वी भाडे ठरवावे लागते. ते मी ठरवले होते. हॉटेलांच्या पट्ट्यातून गावातल्या ‘मेर्कादो २८’ या बाजारात जायचे दोनशे पेसो ठरले, चालक वाटभर गोड गप्पा मारत होता, भारताबद्दल आणि विशेषतः आमच्या तिखटाबद्दल विचारत होता. उतरताना मी पाचशेची नोट दिली. त्याने ती घेतली, सुट्टे पाहण्यासाठी समोरच्या खणाकडे क्षणभर वळला आणि परत माझ्याकडे तोंड करून, अगदी ओशाळल्या चेहऱ्याने, निळी नोट माझ्यासमोर धरली. “सेन्योरिता, ही वीसची आहे.” खरोखरच ती वीसची होती. त्यावर मेक्सिकोचा जुना राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस होता, माझ्याही नोटेवर बेनितो हुआरेसच होता, दोन्ही निळ्या होत्या. मी गडबडीने क्षमा मागून वीसची नोट परत घेतली, दुसरी पाचशेची दिली आणि त्याने त्यातून तीनशे अत्यंत प्रामाणिकपणे मोजून परत केले. त्या दिवशी एका डॉलरला अठरा-एकोणीस पेसो मिळत होते, म्हणजे पाचशेची नोट पंचवीस डॉलरच्या पुढे जाते आणि वीसची साधारण एक डॉलर. हा हिशेब मी बाजारात चिंचेचे सरबत पीत असताना केला, तेव्हा टॅक्सी केव्हाच निघून गेली होती.

ही युक्ती एकट्या त्या माणसाची नाही. मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेने २०१८ मध्ये पाचशेची नवी नोट काढली आणि तिच्यावर माजी राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस यांचे चित्र निळ्या रंगात छापले. २००७ पासून चालत आलेल्या वीसच्या नोटेवरही तेच गृहस्थ त्याच रंगात होते. नवी नोट आल्या आल्या मेक्सिकन लोकांचाच गोंधळ उडाला, मग परदेशी पाहुण्याची काय कथा. खण उघडायला वळलेल्या चालकाच्या मुठीत वीसची नोट आधीपासून तयार असते, आणि ‘मीच चुकीची नोट दिली असणार’ असे सभ्य माणसाला आपणहून वाटते, या एकाच भरवशावर सगळा व्यवहार चालतो. पेट्रोलपंपांवरही हाच हात दाखवला जातो, असे गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्यांनी मला नंतर सांगितले.

दोन्ही नोटा ओळखायला मला शिकवले ते रस्त्यावर मार्केसिता विकणाऱ्या एका बाईंनी. मार्केसिता हा युकातान भागातला कुरकुरीत गुंडाळलेला पापुद्रा असतो आणि त्यात किसलेले चीज घालतात. तो तापल्या साच्यावर भाजत असताना त्यांनी माझी कहाणी ऐकली, पोटभर हसल्या आणि गल्ल्यातून दोन्ही नोटा काढून समोर ठेवल्या. वीसची नोट प्लास्टिकची, आखूड आणि पारदर्शक खिडकी असलेली. पाचशेची कागदी, हाताला खरखरीत, लांबीला चांगलीच मोठी आणि मागच्या बाजूला देवमासा असलेली. “देवमासा वर ठेवून द्यायची आणि मोठ्याने ‘किनिएन्तोस’ म्हणायचे,” असे त्यांनी खुणांनी आणि शब्दांनी बजावले. किनिएन्तोस म्हणजे पाचशे. उरलेल्या सुट्टीत मी इतक्या खणखणीत आवाजात किनिएन्तोस म्हणत होते की दुकानदार दचकत. पण नोट एकदाही बदलली गेली नाही. निळी वीसची नोट आता हळूहळू चलनातून बाहेर चालली आहे आणि तिची जागा नाणे घेत आहे. तरीही नोट हातातून सोडताना तिची रक्कम उच्चारण्याची सवय कोणत्याही देशात उपयोगी पडते.

प्लाया देल कार्मेनच्या पाचव्या रस्त्यावर, म्हणजे पादचाऱ्यांसाठी राखलेल्या ‘किन्ता आवेनिदा’ या लांबलचक बाजारपेठेत, प्रकार आणखी सूक्ष्म होता. मेक्सिकोत पेसोसाठीही डॉलरचीच खूण वापरतात. फळीवर त्या खुणेपुढे ३५० लिहिलेले असेल तर ते साडेतीनशे पेसो, हे उघड आहे. परंतु जिथे फक्त ३५ लिहिलेले असते तिथे ते पेसो की डॉलर, हे दुकानदार तुमच्याकडे पाहून ठरवतो. एका हातमागाच्या पिशवीबाबत माझ्याशी असेच झाले. मी पस्तीस पेसो पुढे केल्यावर ‘डॉलर, डॉलर’ असे मोठ्या करुणेने सांगण्यात आले आणि तीच पिशवी चार दुकाने पुढे नव्वद पेसोंना मिळाली. किंमत विचारताना ‘पेसोस?’ एवढा एक शब्द जोडला की पुष्कळ काही मिटते. उपाहारगृहात कार्डाचे यंत्र पुढे करून ‘डॉलरमध्ये घेऊ का’ असे विचारतात, तेव्हा नाही म्हणावे आणि पेसोच निवडावेत, कारण डॉलरचा दर त्या वेळी आपल्या बँकेचा नसून यंत्रवाल्याचा असतो. एटीएमदेखील हाच प्रश्न पडद्यावर विचारते. बक्षिशी बिलात आधीच धरली आहे का तेही पाहावे. ती देणे तिथे रिवाजाचे आहे, सक्तीचे नाही, आणि १६ टक्के मूल्यवर्धित कर दर्शवलेल्या किमतीतच धरलेला असायला हवा, त्यामुळे तो शेवटी वेगळा जोडलेला दिसला तर शांतपणे विचारणा करावी.

आता नाश्ता. पपई, चिलाकिलेस, कॉफी, सगळे उत्तम होते, आणि ते पचण्याच्या आत पहिला विक्रेता समोर येऊन बसला. एकटी बाई, नवरा बरोबर नाही, हे ऐकून त्याचा चेहरा जरा पडला, कारण त्यांचा धंदा जोडप्यांवर चालतो. परंतु अमेरिकेत संगणकक्षेत्रात नोकरी, हे ऐकताच तो पुन्हा उजळला. नव्वद मिनिटांची मुदत संपली तेव्हा आम्ही फक्त जलतरण तलावापर्यंत पोहोचलो होतो. त्यानंतर दुसरा आला, मग ‘व्यवस्थापक’ आला, आणि प्रत्येक नव्या माणसाबरोबर किंमत अशी कोसळत गेली की थोडा वेळ आणखी बसले असते तर त्यांनीच मला पैसे दिले असते. प्रत्येक भाव ‘फक्त आजच्यापुरता’ होता. ‘उद्या सांगते’ हे वाक्य तिथे कुणालाच समजत नाही. मी सही केली नाही, सुमारे चार तासांनी सुटले, वीस डॉलर परत मिळाले, आणि निम्म्या दराच्या सहलीच्या वेळी धक्क्यावर कळले की धक्काशुल्क आणि सागरी उद्यानाचे शुल्क त्या दरात धरलेलेच नाही. ते भरल्यावर एकूण रक्कम शेजारच्या खिडकीवरच्या नेहमीच्या तिकिटाएवढीच भरली.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या, न्यू जर्सीहून आलेल्या काका-काकूंनी मात्र सही केली होती. संध्याकाळी किनाऱ्यावर भेट झाली तेव्हा काकू म्हणाल्या, “अगं, त्यांनी इतका आग्रह केला की नाही म्हणायला लाज वाटली.” ज्यांनी तिथे अशी सही केली असेल त्यांनी पुढचे दोन मुद्दे नीट वाचावेत. मेक्सिकोच्या ‘नोम-०२९’ या मानकानुसार टाइमशेअरचा करार सहीपासून पाच कामकाजाच्या दिवसांत कोणताही दंड न भरता रद्द करता येतो, आणि करारात काहीही छापलेले असले किंवा विक्रेता तोंडाने काहीही म्हणाला तरी हा हक्क जात नाही. मात्र रद्द करणे लेखी हवे आणि त्याची पोच हवी; दूरध्वनीवर ‘बरं, पाहतो’ असे मिळालेले उत्तर निरुपयोगी आहे. ऐकत नसतील तर प्रोफेको या सरकारी ग्राहक संरक्षण संस्थेकडे तक्रार करता येते. दुसरा मुद्दा पुढच्या काही वर्षांचा आहे. तुमचा टाइमशेअर चढ्या भावाने विकत घेणारा ग्राहक तयार आहे, फक्त कर किंवा शुल्क आगाऊ भरा, असा फोन कधीतरी येतो. यामागे किती संघटित टोळ्या असतात याची कल्पना यावी म्हणून सांगते, की अमेरिकेच्या वित्त विभागाने २०२३ मध्ये मेक्सिकोच्याच पश्चिम किनाऱ्यावरील प्वेर्तो व्हायार्ता भागातील अशा फसवणुकीवरून हालिस्को राज्यातल्या अमली पदार्थांच्या टोळीशी संबंधित कंपन्यांवर निर्बंध घातले. असा फोन ठेवून द्यावा, वाद घालत बसू नये.

काका-काकूंचे करार रद्द करण्याचे पत्र आम्ही हॉटेलच्या कागदावर इंग्रजीत लिहिले, स्वागतकक्षातल्या एका मुलाने त्याचे स्पॅनिश करून दिले आणि दुसऱ्या दिवशी तिघेही ते टाइमशेअरवाल्यांच्या कचेरीत द्यायला गेलो. आधी संबंधित अधिकारी रजेवर होते, मग शिक्का सापडत नव्हता, मग छपाईयंत्र बिघडले होते. काकूंनी पर्समधून विणकाम काढले आणि सोफ्यावर बैठक मारली. दुपारी एकच्या सुमारास शिक्का सापडला, प्रतीवर तारीख आणि सही पडली. पोच हातात देता देता कचेरीतल्या मुलीने गोड हसून मला विचारले की उद्या सकाळी नाश्त्याला वेळ आहे का.