टोनआर्म बिघडला: घरी उघडायचा, कारागिराकडे न्यायचा की बदलायचा?

रेकॉर्ड प्लेयरवर एका बाजूचा आवाज गेला, घरघर सुरू झाली, किंवा सुई त्याच त्या खोबणीत फिरत राहिली, की पहिला हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. थोडं थांबा. बिघाड टोनआर्मच्या (सुई धरून तबकडीवर सरकणाऱ्या दांड्याच्या) तारांमध्ये आहे की तो ज्यावर वळतो त्या बेअरिंगमध्ये, एवढं आधी बघून घ्या. तारांचं काम बहुतेकांना घरी जमतं. बेअरिंगचं जमेल असं वाटतं, आणि तिथेच चांगले आर्म कायमचे वाया जातात.

तपासायला मिनिटभर पुरतं. सुईवर कव्हर लावा, अँटी-स्केट (आर्म आत ओढला जाऊ नये म्हणून दिलेला ताण) शून्यावर आणा आणि काउंटरवेट (मागचं वजन) फिरवून आर्म आडवा तरंगेल असा ठेवा. हलकी फुंकर मारली की तो सहज सरकला पाहिजे. दरवेळी एकाच जागी अडखळत असेल, तर एकतर बेअरिंगमध्ये काहीतरी आहे किंवा आर्मच्या खांबातून खाली जाणारी तार ताठरली आहे. मग हेडशेल, म्हणजे आर्मच्या टोकाचा सुई बसवलेला भाग, चिमटीत धरून अगदी हळू मागेपुढे हलवून बघा. बोटांना बारीकशी ‘टिक’ लागली तर बेअरिंग ढिलं झालंय, पण आधी हेडशेलच सैल नाही ना याची खात्री करा. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या रेकॉर्ड प्लेयरच्या तपशिलात बेअरिंगचं घर्षण ७ मिलिग्रॅमपेक्षा कमी दिलेलं आहे. म्हणजे बोटाला न जाणवणारा अडथळासुद्धा सुईला जाणवतो.

एका बाजूचा आवाज जात-येत असेल तर कारागिराकडे धावू नका. काढता येणारं हेडशेल असेल तर ते काढा आणि मागच्या चार टाचण्या बघा. काळवंडलेल्या दिसल्या तर मऊ खोडरबराने पुसा, समोरच्या सॉकेटमधले संपर्कही साफ करा. पुष्कळदा काम इथेच संपतं. नाही संपलं तर कार्ट्रिजच्या (सुई असलेल्या डबीच्या) क्लिपा तपासा: लाल आणि हिरवी उजव्या बाजूची, पांढरी आणि निळी डाव्या बाजूची. क्लिप तुटली असेल तर नवीन सोल्डर करताना ती कार्ट्रिजच्या टाचणीवर असता कामा नये, कारण त्या उष्णतेने आतली तार तुटते. मल्टिमीटर लावायचा तोही कार्ट्रिज बाजूला काढूनच. मीटरचा प्रवाह कार्ट्रिजच्या नाजूक वेटोळ्यातून कशाला न्यायचा?

घरघर असेल तर अर्थिंगची तार आधी बघा. आर्म उचलायचा लिव्हर सोडल्यावर आर्म धपकन पडत असेल, तर लिफ्टमधलं घट्ट सिलिकॉन तेल संपलंय. हे काम चिकट आहे, अवघड नाही.

आर्मच्या नळीतली संपूर्ण तार बदलणं मात्र सीमेवरचं काम. जुन्या तारेला दोरा बांधून नवी ओढून घेणं सोपं. पण या तारेतला प्रत्येक धाग्यावर इनॅमलचा वेगळा थर चढवलेला असतो, तो थर नीट जळून कथील बसलं नाही तर एक बाजू पुन्हा मुकी. बाहेर पडणाऱ्या तारेचं वेटोळं जरा ताठ राहिलं की तीच तार आर्मला ओढायला लागते. बारीक सोल्डरिंगचा सराव असेल तर घरी करा, नाहीतर इथे कारागिराला दिलेले पैसे वसूल होतात.

बेअरिंगबाबत माझं मत सरळ आहे: बॉल बेअरिंग असलेला आर्म घरी खोलू नका. स्क्रू किंचित जास्त आवळला तरी गोळ्यांचे वळ आतल्या कडीवर उठतात आणि ते पुन्हा पुसले जात नाहीत. ‘थोडं तेल सोडू’ हा उपाय तर सगळ्यात वाईट, धूळ तिथेच चिकटते. एसएमई ३००९ सारखा सुरीच्या धारेवर टेकलेला आर्म किंवा एका टोकावर तोललेला यूनिपिव्हट हे अपवाद. ते उचलून टेकण्याची जागा साफ करता येते, फक्त आतल्या तारांना हिसका बसू देऊ नका.

मग अख्खा आर्म का बदलू नये? कारण जुन्या भोकात नवा आर्म सहसा बसत नाही. तबकडीच्या मध्यापासून आर्मच्या खांबापर्यंतचं अंतर रेगा कंपनीच्या आर्मला २२२ मिमी लागतं, एसएल-१२०० ला २१५. शिवाय आर्मचं वजन आणि कार्ट्रिजची लवचिकता मिळून घडणारा अनुनाद (दोघांचं एकत्र थरथरणं) ८ ते १२ हर्ट्झच्या आसपास राहायला हवा. डेनॉन डीएल-१०३ सारखी ताठ कार्ट्रिज हलक्या आर्मवर रमत नाही. नळी वाकली असेल आणि सुटा भाग मिळत नसेल, तरच बदलायचा विचार करा.

कारागीर निवडताना एकच विचारा: बेअरिंग लावल्यावर तो तरंगता आर्म समोर फुंकर मारून दाखवेल का? नुसता अँप्लिफायर दुरुस्त करणारा इथे टाळाटाळ करतो. दुरुस्ती कुठेही झाली तरी सुईचा भार आणि कोन पुन्हा लावणं तुमच्याकडेच. ऑर्टोफॉन टू-एम रेड या कार्ट्रिजसाठी भार १.८ ग्रॅम, आणि तो काउंटरवेटच्या आकड्यावर न ठेवता छोट्या काट्यावर मोजा. नेता-आणताना हेडशेल आणि काउंटरवेट काढून ठेवा, आर्म टेकणीला बांधा. धडधाकट बेअरिंग रस्त्यातल्या धक्क्यांनीच बिघडायचं.