चाकूचे चामडी म्यान ओले करून बसवताना: हात, फर्मा की व्हॅक्यूम?

चाकूच्या अंगावर म्यान घट्ट बसवायच्या मुख्य रीती तीन. शिवून झालेले म्यान भिजवून हाताने दाबायचे, शिवण्याआधीच चामडे फर्म्यात दाबून आकार द्यायचा, किंवा पिशवीतली हवा ओढून व्हॅक्यूमने चिकटवायचे. तिन्ही रीतींनी चांगली म्याने होतात आणि तिन्हींनी बिघडतातही. पण निवडीला लागण्याआधी दोन गोष्टी पक्क्या हव्यात, चामडे आणि शिवणीची रेघ. त्या चुकल्या तर पुढे कुठलीही रीत घ्या, म्यान सुधारत नाही.

खाली मापे देताना एकच चाकू धरला आहे: पाते १० सें.मी. लांब, २५ मि.मी. रुंद, पाठीकडे ३ मि.मी. जाड, मूठ ३० मि.मी. रुंद आणि २२ मि.मी. जाड, काटछेद अंडाकृती.

चामडे

बाभळीची साल, हिरडा, तरवड अशा झाडांच्या रसात कमावलेले चामडेच या कामाला चालते. भिजल्यावर त्याचे तंतू एकमेकांवरून सरकतात आणि वाळताना नव्या जागी धरून बसतात. बाजारात बॅगा-जॅकेटांसाठी मिळणारे बहुतेक चामडे क्रोमवर, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांत, कमावलेले असते. ते पाण्याला फारशी दाद देत नाही. दाबा, बांधा, वाळवा, सोडल्यावर पुन्हा मऊ पडते. दुकानदाराच्या शब्दावर न जाता कापलेली कड पाहा. क्रोमच्या कडेत मधोमध निळसर-राखाडी झाक दिसते, सालीत कमावलेले आरपार बदामी-तपकिरी असते. खात्री नसेल तर दोन बोटे रुंदीची पट्टी भिजवून काटकोनात दुमडा आणि वाळू द्या. कोन टिकला तर चामडे कामाचे.

जाडी २.८ ते ३.५ मि.मी. ठीक. जनावराच्या पाठीकडचा तुकडा घ्या, पोटाकडचा नको. पोटाचे चामडे ताणले जाते आणि वाळल्यावर ढिले पडते. कोल्हापुरी चपलेचे चामडेही बाभूळ-हिरड्यातच कमावलेले असते, पण तळव्याचा जाड थर या मुठीइतक्या लहान गोलाईवर वळवायला गेलात तर वरचा पदर तडकतो. कानपूरकडचे खोगिराचे चामडे योग्य जाडीत मिळाले तर उत्तम. त्याला आधीच भरपूर तेल-मेण पाजलेले नाही ना, एवढे मात्र पाहा. पाण्याचा थेंब टाकल्यावर लगेच काळसर डाग पडून थेंब आत जिरला पाहिजे. तो मोत्यासारखा वर तरंगत राहिला तर ते चामडे भिजणारच नाही.

शिवणीची रेघ

घट्ट म्यान म्हणजे पात्याला आवळणारे म्यान असे समजले जाते, आणि बहुतेक म्याने तिथेच फसतात. पात्याला आवळले की प्रत्येक वेळी काढता-घालताना धार चामड्याला लागते, आतून कीस निघतो आणि चार महिन्यांत म्यान ढिले होते. शिवाय ओल पात्याला चिकटून राहते. पकड मुठीवर हवी. फिनलंडच्या पुक्को चाकूंचे म्यान याचा चांगला नमुना आहे: मूठ अर्ध्याहून जास्त आत जाते, ओले करून आवळलेले चामडे तिलाच धरते, आणि पात्यासाठी आत लाकडी खोबण असते, म्हणजे धार चामड्याला लागतच नाही.

आपल्या मुठीचा घेर दोऱ्याने मोजला तर सुमारे ८२ मि.मी. येईल. चामडे ३ मि.मी.चे असेल तर त्याच्या जाडीमुळे घेर ३.१४ गुणिले ३, म्हणजे साडेनऊ मि.मी.ने वाढतो. धारेच्या बाजूला दोन पदरांमध्ये घालायची ३ मि.मी.ची मधली पट्टी तेवढी जागा स्वतः भरते, ती वजा करा. राहिले सुमारे ८८. चामडे पात्याच्या पाठीकडे दुमडून धारेकडे शिवायचे असते, तेव्हा घडीपासून शिवणीपर्यंत त्याचे निम्मे, ४४ मि.मी. शिवणीजवळ चामडे मुठीला पूर्ण लपेटत नाही, तिथे छोटी त्रिकोणी पोकळी राहते, म्हणून ४५ धरा. ओले चामडे दाबाखाली थोडे सैलावते आणि वाळताना थोडे आटते, त्यामुळे ४७-४८ घेतले तरी 'पाण्याने आवळेल' ही आशा फोल ठरते. आधी जाड रेक्झिनचा नमुना टाचून चाकू घालून पाहा.

मधली पट्टी पात्याच्या बाजूने १० ते १२ मि.मी. रुंद ठेवा. शिवण बाहेरच्या कडेपासून ४ मि.मी. आत घेतली की धार आणि दोरा यांच्यात ६ ते ८ मि.मी. चामडे उरते. पट्टी वगळली तर पहिल्या पावसाळ्याआधीच धार दोरा कापते. मुठीचा सर्वांत फुगीर भाग म्यानाच्या तोंडाच्या आत १० ते १५ मि.मी. जायला हवा, त्या फुगवट्याच्या वर तोंड जिथे आवळते तिथेच खरी पकड असते. मूठ सरळ नळीसारखी असेल, फुगवटा नसेल, तर ओले करून बसवणे पुरेसे नाही. बटणाची पट्टी लावावी लागेल.

हाताने

पहिल्याच म्यानासाठी हीच रीत घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. खर्च जवळपास शून्य आणि चूक झाली तर पुन्हा भिजवता येते.

शिवलेले म्यान, रंग-तेल काही न लावता, कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, ३ मि.मी.ला एक-दोन मिनिटे लागतात, पट्टीकडच्या तीन पदरी भागाला थोडे जास्त. लोखंडी घमेले वापरू नका. टॅनिन आणि लोह यांच्या संयोगातून शाईसारखा निळा-काळा रंग होतो आणि तो चामड्यात मुरतो. बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तरी हेच डाग पडतात, तेव्हा नळाचे नाहीतर फिल्टरचे पाणी घ्या. (पडलेला डाग ताजा असताना लिंबाच्या रसाने बराच फिका होतो.)

बाहेर काढून टॉवेलमध्ये गुंडाळा आणि अर्धा तास थांबा. ही अर्ध्या तासाची उसंत हाच या रीतीचा कणा आहे. ठिबकणारे चामडे दाबले तर रेघ उमटते आणि पुन्हा भरून येते. फार वाळलेले दाबले तर ते उसळते, नाहीतर वरचा पदर चिरतो. पृष्ठभागाचा मूळ रंग परतायला लागला, पण गालाला लावल्यावर गार लागते, तीच वेळ.

चाकू क्लिंग फिल्ममध्ये दोन-तीन वेढे गुंडाळा, नाहीतर कार्बन स्टीलचे पाते तासाभरात काळे पडेल. त्याआधी फक्त पात्यावर मास्किंग टेपचा एक जादा थर द्या. मुठीवर देऊ नका. त्या एका थराने पात्याला केसभर मोकळीक मिळते आणि आवळ मुठीवर राहतो. चाकू आत सरकवा, आधी अंगठ्यांनी मुठीचा घाट उमटवा, मग हाडाच्या किंवा गुळगुळीत लाकडाच्या बोथट पट्टीने मूठ आणि पाते जिथे मिळतात तिथली खाच काढा. नखे कापलेली हवीत आणि अंगठी काढून ठेवा. ओल्या चामड्यावर नखाची खूण जन्मभर राहते. वीस-वीस मिनिटांनी दोन-तीनदा पुन्हा दाबा. दोन तासांत आकार धरला की चाकू काढून घ्या आणि म्यान सावलीत, पंख्याखाली, तोंड उघडे ठेवून वाळवा. उन्हाळ्यात एक दिवस, कोकणात जुलैमध्ये तीन-चार दिवसही लागतात, आणि तेव्हा बुरशीवर नजर ठेवावी लागते.

उणे बाजू अशी की रेघा मऊ येतात, दोन्ही बाजू सारख्या दाबल्या जात नाहीत, आणि एकाच चाकूची दहा म्याने करायची असतील तर अंगठे बोलायला लागतात.

फर्म्यात

ही रीत सपाट पाठीच्या म्यानाला शोभते, म्हणजे मागचा पदर सपाट आणि पुढचा एकच पदर उठावदार. १८ मि.मी.च्या प्लायवुडमध्ये चाकूचा आकार, सर्व बाजूंनी चामड्याच्या जाडीइतका मोठा, कोरून काढा. चामडे ३ मि.मी. असेल तर मोकळीक २.५ ते ३ ठेवा. त्याहून कमी ठेवली तर कडेवर चामडे फाटते, जास्त ठेवली तर घाट ढोबळ येतो. कोरलेल्या भोकाची वरची कड पॉलिश पेपरने गोल करा, नाहीतर तिचीच रेघ चामड्यावर कोरली जाते. खाली सपाट फळी, तिच्यावर गुंडाळलेला चाकू, त्यावर ओले चामडे दर्शनी बाजू वर, आणि वरून कोरलेली फळी. चार सी-क्लॅम्प समोरासमोरच्या जोड्यांनी थोडे थोडे आवळा. एक पूर्ण आवळून मग दुसरा घेतला तर चाकू तिरका सरकतो.

दीड-दोन तासांनी सोडा. 'रात्रभर राहू द्या' हा सल्ला बराच ऐकू येतो. आमच्या मते तो चुकीचा. फळ्यांमध्ये हवा जात नाही, चामडे वाळत नाही, नुसते कुबट होते. आकार धरलेला पदर मोकळ्या हवेत वाळवा, मग मागच्या पदरावर चिकटवून शिवा.

फायदा मोठा: घाट आधी तयार असल्याने शिवण त्याच्या कडेकडेने नेमकी नेता येते, वरच्या हिशेबाची गरज जवळपास संपते. पण पुढचा पदर कापताना भोवती २५ मि.मी. जादा सोडावे लागते, म्हणजे चामडे वाया जाते. आणि सपाट पाठीचे म्यान उजव्या किंवा डाव्या, एकाच कमरेचे होते. कोरलेल्या फळीऐवजी घट्ट फोमच्या दोन लाद्या वापरल्या तर कोरकाम वाचते, पण घाट हाताने केल्यापेक्षा फारसा उठावदार येत नाही.

व्हॅक्यूम

खाद्यपदार्थांच्या व्हॅक्यूम सीलरने सगळीकडून एकसारखा दाब येतो, त्यामुळे मुठीचे रिव्हेटसुद्धा उमटतात. दिसायला ही म्याने सर्वांत देखणी. पण व्हॅक्यूमला विवेक नसतो: मुठीवर जसा दाब, तसाच पात्यावर. म्हणून इथे पात्यावर टेपचा एक थर पुरत नाही, दोन-तीन द्या. शिवलेल्या म्यानाचे तोंडही चपटे होते. मुठीभोवती तोंडापाशी कडक प्लास्टिकची पट्टी गुंडाळली तर वाचते.

घरगुती यंत्रांच्या पिशव्यांची एक बाजू खडबडीत जाळीदार असते. ती दर्शनी बाजूवर आली तर म्यानावर शंकरपाळ्यांची नक्षी उठते. गुळगुळीत बाजू वर घ्या आणि पिशवीच्या सुरकुत्या हवा ओढताना बोटांनी ताणत राहा. टोक बुचात खोचा, नाहीतर पिशवी फुटते. चामडे दमट हवे, ठिबकणारे नको. पाणी यंत्राच्या पंपात गेले तर यंत्र बसते. पिशवीच्या तोंडाशी टिश्यूची घडी ठेवा. अर्धा ते एक तास पुरे, कारण पिशवीत वाळणे अजिबात होत नाही. कपडे साठवायच्या पिशवीला घरातला व्हॅक्यूम क्लीनर लावूनही काम होते, दाब बराच कमी मिळतो इतकेच.

गरम पाण्याचा मोह

कुठलीही रीत घेतली तरी 'आणखी कडक करू' म्हणून उकळते पाणी किंवा हेअर ड्रायर पुढे येतो. सालीत कमावलेले ओले चामडे साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसला अचानक आकसते. ते दगडासारखे कडक होते, पण ठिसूळही होते, शिवणीची भोके फाटतात आणि चाकू आत जात नाही; हे मागे फिरवता येत नाही. कडकपणा हवाच असेल तर म्यान पूर्ण वाळल्यावर हलके गरम करून वितळलेले मधमाश्यांचे मेण चोळा. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि कोरडे चामडे एवढी उष्णता सहज सोसते. ओले सोसत नाही, म्हणून 'पूर्ण वाळल्यावर' हे शब्द महत्त्वाचे.

कोणी काय घ्यावे

एक चाकू, एक म्यान: हाताने. एकाच नमुन्याची पाच-दहा, विकण्यासाठी: फर्मा, एकदा कोरलेली फळी वर्षानुवर्षे चालते. बोटांसाठी खाचा असलेली किंवा वेड्यावाकड्या घाटाची मूठ: व्हॅक्यूम, पण पात्याची मोकळीक सांभाळून. रोज खाऱ्या पाण्यात, होडीवर वापर असेल तर चामड्याचा हट्टच सोडा आणि कायडेक्स, म्हणजे तापवून आकार देता येणारे कडक प्लास्टिक, घ्या. ते दीडशे अंशांच्या वर तापवून दाबावे लागते, पात्यावर चरे पाडते आणि खडखडते, पण भिजून फुगत नाही आणि कुजत नाही.

वाळल्यावर चाकू घातलेले म्यान उलटे धरून गादीवर हलके झटका, खाली हात ठेवू नका. चाकू पडला तर फक्त तोंडाकडचा ४ सें.मी. भाग पुन्हा भिजवून मुठीवर दाबा. निघतच नसेल तर मुठीवर फिल्मचा एक वेढा वाढवून तोच भाग पुन्हा भिजवा. पकड जमली की मग रंग, आणि तेलाचा एकच पातळ हात. तेल जास्त झाले की दोन दिवस खपून आणलेला कडकपणा मऊ पडतो. स्वयंपाकाचे तेल तर नकोच, ते खवट होते. टोकाशी ३ मि.मी.चे भोक पाडायचे राहिले असेल तर आता पाडा. आत गेलेले पाणी तिथूनच निघेल. चाकू कपाटात ठेवताना मात्र म्यानाबाहेर ठेवा: चामडे हवेतली ओल धरते, आणि मुठीला पितळ असेल तर तिथे हिरवा गंज आधी चढतो.